रुजुवात : बेल लॅबपासून घरच्या सर्व्हरपर्यंत

‘रुजुवात’ हा शब्द आपल्या बोलण्यातून आता जवळजवळ गेलाच आहे. मूळ कागदाशी नक्कल ताडून पाहणे म्हणजे रुजुवात. शिवकालीन पत्रांवर ‘रुजु सुरनिवीस’ असा शेरा दिसतो, तो याच कामाचा. सुरनिसाच्या दफ्तरात मजकूर तपासला गेला आहे, आता हा कागद खरा मानायला हरकत नाही, एवढा त्याचा अर्थ. इकडच्या सरकारी कचेरीत रोज ‘सत्य प्रतिलिपि’चे शिक्के पाहण्यात निम्मे आयुष्य गेल्यामुळे असेल, मला या शब्दाचे फार अप्रूप वाटते.

आपल्या मंडळाचे दफ्तर आता कागदावर राहिलेले नाही. गेल्या पंधरा-वीस वर्षांचे उत्सवाचे फोटो, नाटकांचे चित्रीकरण, स्मरणिकांच्या फाइली, आणि काही घरांनी हौसेने स्कॅन करून दिलेले आजोबा-पणजोबांचे मोडी कागद, हे सगळे दोन-तीन हार्ड डिस्कवर पडून आहे. त्यांपैकी कुठली प्रत शेवटची, कुठली अर्धवट, हे कोणालाच खात्रीने सांगता येत नाही. म्हणून मंडळासाठी घरगुती सर्व्हर उभा करावा असे बोलणे चालू आहे. त्या निमित्ताने, संगणकवाल्यांनी अस्सल आणि नक्कल यांचा हा गुंता कसकसा सोडवत आणला, त्याची हकीकत सांगतो.

सुरुवात १९७६ च्या एप्रिलमधली. जागा अमेरिकेतल्या न्यू जर्सीतील बेल लॅब, जिथे युनिक्स जन्माला आली. प्रोग्रामर जो मजकूर लिहितो त्याला सोर्स म्हणतात. कंपायलर त्याचे यंत्राला कळेल अशा भाषेत रूपांतर करतो. मोठ्या प्रोग्रामचे असे पुष्कळ तुकडे असतात, ते वेगवेगळे रूपांतरित करून शेवटी एकत्र जोडायचे. या सगळ्या खटाटोपाला बिल्ड म्हणतात. त्या काळी एखाद्या तुकड्यात दुरुस्ती केली की तो पुन्हा कंपाइल करायचे माणसाने लक्षात ठेवावे लागे. स्टीव्ह जॉन्सन नावाचा तिथला नामांकित प्रोग्रामर एके दिवशी चरफडत आपला सहकारी स्टुअर्ट फेल्डमन याच्या खोलीत आला. प्रोग्राममधली चूक शोधण्यात त्याची अख्खी सकाळ गेली होती आणि चूक तर त्याने आधीच दुरुस्त केलेली होती! दुरुस्त तुकडा पुन्हा कंपाइल करायचा तेवढा राहिला होता. म्हणजे कागद सुधारला, पण हातात फिरत होती ती जुनीच नक्कल. फेल्डमनची आदली संध्याकाळही अशाच भानगडीत गेली होती. त्याने त्याच शनिवार-रविवारी ‘मेक’ नावाचे हत्यार लिहून काढले.

मेकची युक्ती साधी आहे. कोणती वस्तू कशापासून बनते याची यादी एका फाइलीत लिहून ठेवायची. मेक प्रत्येक फाइलीची शेवटच्या बदलाची वेळ पाहतो. मूळ मजकूर नक्कलेपेक्षा नवा असेल तर नक्कल पुन्हा करायची, नाहीतर हात लावायचा नाही. या कामाबद्दल फेल्डमनला २००३ साली एसीएम या संगणकशास्त्राच्या नामवंत संस्थेचा पुरस्कार मिळाला.

याच मेकमध्ये एक खोडही राहून गेली. यादीतल्या आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते, मोकळ्या जागांनी नाही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. फेल्डमनच्या लक्षात हे लवकरच आले होते, पण तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते आणि त्यांच्या फाइली बिघडू नयेत म्हणून त्याने नियम तसाच ठेवला. त्या बारा जणांच्या भिडेपायी आज पन्नास वर्षे जगभरची पोरे त्या टॅबला अडखळत आहेत. आपल्याकडच्या काही रूढी अशाच सुरू झाल्या असाव्यात.

बिल्ड मोडला की जाणकार माणूस पहिली चूक वाचतो, शेवटची नाही. कारण पुढच्या शंभर तक्रारी बहुधा पहिलीच्याच पोटी जन्मलेल्या असतात. तरीही उमगले नाही तर तयार झालेले सगळे तुकडे पुसून मुळापासून पुन्हा बांधणी करतो. यात एक गोष्ट गृहीत आहे, ती म्हणजे मूळ मजकूर शाबूत आहे.

वेळेवर विश्वास ठेवायची ही रीत एका यंत्रापुरती ठीक होती. १९८४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने एनएफएस आणले, म्हणजे फाइली एका सर्व्हरवर आणि काम करणारा दुसऱ्याच यंत्रावर. आता घड्याळे दोन झाली. सर्व्हरचे घड्याळ मिनिटभर मागे असले, तर आत्ता सुधारलेली फाइल जुन्या नक्कलेहूनही जुनी दिसायची आणि मेक तिला वगळून पुढे जायचा. जॉन्सनची सकाळ वाया घालवणारा रोग नव्या वाटेने परत आला. अजूनही मेक अशा वेळी घड्याळात तफावत असल्याचा इशारा देतो आणि पुष्कळ लोक तो न वाचता सोडतात. घरी सर्व्हर मांडणाऱ्याने सगळ्या यंत्रांची वेळ इंटरनेटवरून आपोआप जुळेल अशी व्यवस्था आधी करावी, बाकीचे नंतर. फोटोंच्या प्रती ताज्या करणारे प्रोग्रामही बहुधा फाइलीची वेळच पाहतात.

आता साठवणीकडे येतो. १९५६ मध्ये आयबीएमने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तिच्यात २४ इंची ५० चकत्या होत्या, वजन टनाच्या आसपास, आणि मावत होती ५० लाख अक्षरे. पुढची तीस वर्षे मोठ्या डिस्क महाग आणि लहान डिस्क बिनभरवशाच्या अशी स्थिती होती. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी ‘रेड’ची कल्पना मांडली : स्वस्तातल्या लहान डिस्क एकत्र जुंपा आणि थोडी जागा जादा हिशेबाला द्या, म्हणजे एखादी मेली तरी उरलेल्यांवरून तिचा मजकूर पुन्हा उभा करता येतो. हिशेब सोपा आहे. तीन संख्या आणि त्यांची बेरीज लिहून ठेवली, तर एक संख्या पुसली गेली तरी काढता येते.

तरीही रेडच्या दोन अडचणी आहेत आणि दुकानदार त्या सांगत नाहीत. पहिली वेळेची. आजची ८ टीबीची डिस्क बदलली आणि वेग सेकंदाला १५० एमबी धरला, तर ती पुन्हा भरायला पंधरा तास लागतात. तेवढा वेळ बाकीच्या डिस्कवर ताण असतो, आणि त्या एकाच दिवशी, एकाच गठ्ठ्यातून घेतलेल्या असल्या तर त्यांचेही वय तेवढेच असते. म्हणून डिस्क दोन वेगळ्या दुकानांतून घ्याव्यात असे माझे मत आहे. दुसरी अडचण जास्त खोल आहे. डिस्क पूर्ण मेली तर कळते, पण एखादे अक्षर गुपचूप बदलले तर? आरशासारख्या दोन प्रती ठेवल्या आणि त्या एकमेकींशी जुळेनाशा झाल्या, तर खरी कुठली हे साध्या रेडला सांगता येत नाही. हे नुसते भय नाही. स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन केंद्रात २००७ साली पाहणी झाली, तेव्हा असे मूक बिघाड प्रत्यक्ष सापडले.

यावरचा तोडगाही सन कंपनीतच निघाला. जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अहरेन्स यांनी २००१ मध्ये झेडएफएसचे काम हाती घेतले आणि २००५ मध्ये त्याचा सोर्स सर्वांना खुला झाला. झेडएफएस मजकुराच्या प्रत्येक तुकड्याची एक बेरीज काढते, तिला चेकसम म्हणतात. एक अक्षर बदलले तरी ती बदलते. खरी मेख ही बेरीज ठेवली कुठे यात आहे. ती तुकड्याबरोबर नसते, त्याच्या वरच्या पातळीवरच्या नोंदीत असते. त्या नोंदीची बेरीज आणखी वर, आणि असे थेट शेंड्यापर्यंत. कागदाबरोबर शिक्काही बनावट करता येतो, पण वरिष्ठ कचेरीच्या आवक रजिस्टरातली नोंद बदलणे सोपे नाही, तसाच हा प्रकार. फाइल वाचताना बेरीज जुळली नाही तर झेडएफएस दुसरी प्रत तपासते, ती खरी ठरली तर आपल्या हाती देते आणि खराब प्रत दुरुस्त करून ठेवते. वाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही. रुजु सुरनिवीसच हा, फक्त रात्रंदिवस जागा असलेला.

त्याच २००५ मध्ये फ्रान्समधल्या ऑलिव्हिए कोशार-लाबे याने फ्रीनॅस सुरू केले. जुन्या संगणकाचा साठवण-सर्व्हर करून देणारी ही फुकट प्रणाली. पुढे तिच्यात झेडएफएस आली आणि जे मोठ्या कंपन्यांच्या तळघरात होते ते घरच्या माळ्यावर आले. आता ती ट्रूनॅस या नावाने मिळते.

पण चेकसमलाही एक गोष्ट जमत नाही. माणसाने स्वतःच्या हाताने पुसलेले ती इमानाने पुसलेलेच ठेवते. १९९८ मध्ये पिक्सार स्टुडिओत ‘टॉय स्टोरी २’चे काम चालू असताना कोणीतरी पुसण्याची आज्ञा चुकीच्या जागी दिली, आणि पडद्यावरून पात्रे एकेक करून नाहीशी होऊ लागली. बॅकअप काढला, तर तो कित्येक दिवस नीट होतच नव्हता आणि कोणी तो उघडून पाहिला नव्हता. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन या तांत्रिक दिग्दर्शिकेमुळे. बाळंतपणानंतर ती घरून काम करत होती, म्हणून एक प्रत तिच्या घरच्या संगणकावर होती. तो संगणक पांघरुणात गुंडाळून, मोटारीत तान्ह्या मुलासारखा जपून स्टुडिओत आणला. गंमत म्हणजे पुढे कथाच पसंत पडली नाही आणि बराचसा चित्रपट नव्याने करावा लागला. पण ते वेगळे.

मंडळापुरते बोलायचे तर फार खर्च नको. एक जुना डेस्कटॉप, त्यात ८ जीबी मेमरी, ४ टीबीच्या दोन नव्या डिस्क आरशासारख्या, आणि यूपीएस. आपल्याकडची वीज कशी जाते ते सांगायला नको. राउटरला तारेने जोडावा, बाहेरच्या इंटरनेटला उघडा ठेवू नये. तिसरी प्रत सुट्या डिस्कवर, आणि ती या गावात नाही तर पुण्याला कोणाच्या तरी लेकीकडे.

स्मरणिकांच्या जुन्या फाइलींना मात्र घाई आहे. त्या पेजमेकरमध्ये आणि जुन्या मराठी फॉन्टमध्ये आहेत. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. फाइल शाबूत असली तरी तो प्रोग्राम आणि तो फॉन्ट नसेल तर उघडल्यावर रोमन अक्षरांचा काला दिसतो. बिल्डवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर सोर्स आहे, कंपायलर हरवला. ज्या छापखान्यात किंवा घरात असा संगणक अजून चालतो, तिथे बसून आधी सगळ्यांच्या पीडीएफ काढल्या पाहिजेत, त्यानंतर मजकूर युनिकोडमध्ये आणता येईल. असे दोन संगणक माझ्या माहितीत आहेत, दोन्ही म्हातारे.

झेडएफएसमध्ये सगळा साठा मुळापासून वाचून ताडायची सोय आहे, तिला स्क्रब म्हणतात. ती महिन्यातून एकदा चालवावी, त्याच दिवशी तिसऱ्या प्रतीतल्या दोन-चार फाइली उघडून पाहाव्यात आणि तारीख वहीत लिहावी. दिवस विसरू नये म्हणून संकष्टी धरावी असे मी कार्यकारिणीला सुचवले आहे. वही कोणाकडे राहील ते अजून ठरायचे आहे.