मुंबईतील गिरणी कामगार आणि कामाच्या ठिकाणचे मनोसामाजिक धोके : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
कामाच्या ठिकाणचे धोके म्हटले की यंत्रामुळे होणारे अपघात, कापसाची धूळ, उष्णता व गोंगाट यांचाच विचार प्रथम केला जातो. तथापि कामाचे अनिर्बंध तास, नोकरीची अनिश्चितता, वरिष्ठांची मनमानी आणि वाढता कार्यभार यांमुळेही कामगाराचे मानसिक व सामाजिक स्वास्थ्य ढासळते. या घटकांना आज ‘मनोसामाजिक धोके’ असे संबोधले जाते. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने २०२१ मध्ये ‘आयएसओ ४५००३’ हे मार्गदर्शक मानक याच विषयावर प्रसिद्ध केले. संज्ञा नवी असली तरी त्यामागील वास्तव जुने आहे. मुंबईच्या गिरण्यांत हे धोके कसे ओळखले गेले व त्यांवर कोणते उपाय योजले गेले, याचा आढावा प्रस्तुत निबंधात घेण्यात आला आहे.

कामाचे तास व विश्रांती :
कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या गिरणीपासून मुंबईतील वस्त्रोद्योगाचा प्रारंभ झाला. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम हा तेथील प्रघात होता. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने बालकांना काही संरक्षण दिले. प्रौढ पुरुषांच्या तासांना मर्यादा घातली नाही. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन सादर झाले. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, ठरलेल्या मुदतीत वेतन व अपघातग्रस्तांना साहाय्य या त्यातील प्रमुख मागण्या होत्या. विश्रांती आणि वेतनाची निश्चिती यांना अपघाताइतकेच महत्त्व देणारे हे निवेदन लक्षणीय ठरते. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुटी मान्य केली. पुरुष कामगारांच्या दैनंदिन तासांची मर्यादा १९११ मध्ये १२, १९२२ मध्ये ११, १९३४ मध्ये १० व १९४६ मध्ये ९ अशी क्रमाक्रमाने खाली आली.

बदली पद्धती व जॉबरची सत्ता :
तासांवर कायद्याने मर्यादा आली, परंतु अनिश्चितता कायम राहिली. रत्नागिरी, सातारा आदी जिल्ह्यांतून आलेले अनेक कामगार ‘बदली’ म्हणून रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहत. गैरहजर कामगाराची जागा कोणाला द्यावयाची, हे बहुधा जॉबर ठरवी. कामावर घेणे, काढून टाकणे, रजा देणे आणि अनेकदा कर्ज मिळवून देणे ही सूत्रेही त्याच्याच हाती असल्याने त्याची मर्जी सांभाळणे व दस्तुरी देणे कामगारास भाग पडे. १९३१ मध्ये अहवाल सादर करणाऱ्या व्हिटली आयोगाने कामगारभरतीतील जॉबरच्या अधिकारांवर टीका केली. १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली नियंत्रण योजना स्वीकारली. तीनुसार निवडक कामगारांना बदली कार्ड देऊन त्यांनाच प्राधान्य देण्याचे ठरले.

कार्यभारवाढ व १९२८ चा संप :
विणकराने दोनऐवजी तीन माग चालवावेत, या धोरणामुळे कामाचा ताण आणि बेकारीची भीती ही दोन्ही संकटे एकाच वेळी उभी राहिली. २६ एप्रिल ते ६ ऑक्टोबर १९२८ या काळातील सार्वत्रिक संपात सुमारे दीड लाख कामगार सहभागी झाले. या संपाचा प्रश्न वेतनापुरता मर्यादित नव्हता. कामाची रचना कोणी व कशी ठरवावी, हाही वादाचा विषय होता.

निष्कर्ष :
१) गिरण्यांतील मनोसामाजिक धोक्यांचे मूळ कामगाराच्या मनोदौर्बल्यात नसून कामाच्या रचनेत होते.
२) साप्ताहिक सुटी, तासांची मर्यादा व भरतीचे नियम हे परिणामकारक ठरलेले उपाय रचना बदलणारे होते. केवळ सहनशीलतेचा उपदेश करून ताण कमी झाला नाही.
३) धोक्यांची जाणीव प्रथम कामगारांनाच झाली, कायदा त्यांच्या मागणीमागून आला. म्हणूनच धोका-व्यवस्थापनात काम करणाऱ्यांचा सहभाग अनिवार्य ठरतो.

आज अनेक संस्थांत ताणतणाव-व्यवस्थापनाच्या कार्यशाळा भरविल्या जातात. त्यांची उपयुक्तता नाकारता येत नाही. परंतु पुढील सत्रात काम मिळेल की नाही याची शाश्वती नसलेला तासिका तत्त्वावरील अध्यापक आणि गिरणीच्या दारात उभा असलेला बदली कामगार यांच्या अनिश्चिततेचे स्वरूप मूलतः एकच आहे. ती अनिश्चितता कायम ठेवून दिलेले समुपदेशन अपुरेच ठरेल, असे हा इतिहास सुचवितो.