रादेन : घड्याळाच्या तबकडीवरील शिंपला

जपानच्या सेको समूहातील ‘क्रेदोर’ या उंची घड्याळांच्या नाममुद्रेने २०१६ मध्ये ‘फुगाकु’ नावाचे मनगटी घड्याळ सादर केले. त्याचे अवघे ८ नग घडविण्यात आले आणि प्रत्येकाची किंमत ५ कोटी येन ठेवण्यात आली. फुगाकु हे फुजी पर्वताचेच दुसरे नाव. होकुसाई या चित्रकाराच्या, १८३१ च्या सुमारास छापलेल्या, उसळत्या महालाटेच्या चित्रावरून या घड्याळाची तबकडी बेतलेली आहे. सेकोचे हे पहिले टूर्बियाँ घड्याळ. परंतु त्या यंत्रयुक्तीचे कौतुक घड्याळशौकिनांकडे सोपविलेले बरे. तबकडीवरील धातूचे कोरीवकाम कियोशी तेरुई यांचे, तर लाख आणि शिंपल्याचे काम कागा परंपरेतील इश्शू तामुरा यांचे आहे. या घड्याळाचे खरे वेगळेपण या दुसऱ्या कामात आहे.

शिंपल्याच्या या जडावकामाला जपानीत ‘रादेन’ म्हणतात. मोत्याचा शिंपला, अबालोनी किंवा याकोगाई नावाचा मोठा सागरी शंख घासून त्याचे पातळ पापुद्रे काढतात आणि हव्या त्या आकारात कापून लाखेच्या थरावर बसवितात. वरून पुन्हा लाख चढवितात. ती कठीण झाली की कोळशाने घासत जातात आणि मग झाकलेला शिंपला हळूहळू वर उमटतो. त्याचे निळे-हिरवे रंग कोणी भरलेले नसतात. शिंपल्यातील सूक्ष्म थरांवरून परतणारा प्रकाश ते निर्माण करतो. म्हणूनच मनगट जरा वळले की रंग बदलतो.

येथे ‘लाख’ हा शब्द सोयीचा असला तरी दिशाभूल करणारा आहे. सावंतवाडीच्या लाखकामातील लाख ही किड्यांपासून मिळते; जपानची ‘उरुशी’ हा झाडाचा चीक आहे. हे झाड आपल्या बिब्ब्याच्या आणि काजूच्या कुळातले. बिबा उतल्यावर अंगाची काय दशा होते हे ज्याने पाहिले आहे, त्याला कच्च्या उरुशीचा दाह वेगळा समजावून सांगायला नको. हा चीक उन्हात वाळत नाही, उलट दमट हवेत कठीण होतो. त्यामुळे प्रत्येक थरानंतर वस्तू ओलसर ठेवलेल्या बंद कपाटात ठेवावी लागते. असे थरावर थर चढत असल्याने हे काम घाईने उरकता येत नाही.

रादेनची कला थांग राजवटीच्या काळातील चीनमधून जपानला पोहोचली. नारा येथील तोदाइजी मंदिराच्या शोसोइन भांडारात आठव्या शतकातील एक पाच तारांचे वाद्य जपून ठेवलेले आहे. रक्तचंदनाच्या या वाद्यावर शिंपल्यात उंटावर बसलेला वादक जडविला आहे. या प्रकारच्या वाद्याचे मूळ भारतात मानले जाते, हे आपल्या दृष्टीने विशेष.

गोव्याचा संबंध पुढच्या काळातला. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजे गोव्याहून मलाक्का, मकावमार्गे नागासाकीला जात. गुजरातेत शिंपल्याने मढविलेल्या पेट्या पोर्तुगिजांच्या आवडीच्या होत्या. जपानी कारागिरांनी याच गिऱ्हाइकांसाठी लाखेच्या पेट्या आणि चर्चमधील ग्रंथपीठे घडविली. त्यांतील शिंपल्याच्या दाट भौमितिक नक्षीत अभ्यासकांना गुजराती कामाची छाया दिसते. ‘नांबान’ नावाने ओळखला जाणारा हा प्रकार, १६३९ मध्ये पोर्तुगिजांना जपानचे दरवाजे बंद झाल्यावर ओसरला.

अशा घड्याळाची किंमत ऐकून हा केवळ धनिकांचा षोक आहे असे म्हणणे सोपे आहे आणि ते चूकही नाही. मात्र रोजच्या वापरातून लाखेची भांडी मागे पडत गेल्यावर या कारागिरांना अशा गिऱ्हाइकाचा मोठा आधार आहे. अडचण कच्च्या मालापासूनच सुरू होते. दहा-पंधरा वर्षे वाढविलेल्या झाडातून एका हंगामात जेमतेम २०० ग्रॅम चीक निघतो आणि त्यानंतर झाड तोडले जाते. आज जपानमध्ये वापरली जाणारी बहुतेक उरुशी चीनमधून येते. देशी चिकाचा मोठा वाटा इवाते प्रांतातील जोबोजी परिसराचा आहे. २०१५ मध्ये जपानच्या सांस्कृतिक व्यवहार विभागाने राष्ट्रीय ठेवा ठरलेल्या वास्तूंच्या डागडुजीसाठी देशी उरुशीच वापरण्याचे धोरण जाहीर केले. तेव्हापासून मागणी वाढली, आणि झाडे नव्याने लावणे व चीक काढणारे हात तयार करणे ही दोन्ही कामे तिकडे एकदमच हाती घ्यावी लागली आहेत.