तपासणी कोणासाठी?



कंपनीच्या पैशाचा हिशेब दरसाल तपासला जातो आणि तपासनिसाचा अहवाल भागधारकांच्या सभेपुढे ठेवावा लागतो. पण कारखाना कसा चालवला जातो, कोणती झडप गळते, कोणत्या पाळीला माणसे कमी पडतात, ह्याची तपासणी झाली, तर तो अहवाल कोणापुढे ठेवायचा? आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या फाटकावर अधिक झाले. तिथे हा प्रश्न आमच्यापुढे वारंवार उभा राहिला. त्याचे उत्तर शोधायचे तर भोपाळचा इतिहास वाचावा लागतो.

भोपाळची हकीकत लोक 2 डिसेंबर 1984 च्या रात्रीपासून सांगतात. आमच्या मते ती तीन वर्षे आधी सुरू होते. युनियन कार्बाइडच्या तेथील कारखान्यात कीटकनाशके तयार होत. त्यासाठी फॉस्जीन आणि मिथिल आयसोसायनेट ही जहाल विषे लागत. डिसेंबर 1981 मध्ये फॉस्जीनने एका कामगाराचा बळी घेतला. पुढे मे 1982 मध्ये अमेरिकेतील मुख्य कचेरीकडून तिघा तज्ज्ञांचे पथक तपासणीला आले.

ह्या पथकाने काम चोख केले, हे आम्ही मोकळेपणाने सांगतो. यंत्र बिघडले, चालवण्यात चूक झाली किंवा देखभाल हुकली, तर विषारी वायू बाहेर पडू शकेल, असे त्यांनी लिहून ठेवले. अनुभवी माणसे सोडून जात आहेत, हे नोंदवले. झडपा गळक्या असताना नळीत आडवी चकती न घालताच गाळण्या साफ केल्या जातात, हेही नोंदवले. म्हणजे धोका कुणाला दिसलाच नव्हता, असे म्हणण्याची सोय इतिहासाने ठेवलेली नाही.

मग पुढे काय झाले? दुरुस्त्यांची यादी झाली, कागद इकडून तिकडे गेले आणि बहुतेक त्रुटी दूर झाल्याचे मुख्य कचेरीला कळवण्यात आले. त्याच काळात खर्चात कपात चालू होती. विषाच्या टाक्या थंड ठेवणारे यंत्र 1984 मध्ये बंद करण्यात आले. मिथिल आयसोसायनेट विभागातली माणसे कमी केली गेली. सप्टेंबर 1984 मध्ये कंपनीच्याच अमेरिकेतील कारखान्याच्या तपासणीत, अशा टाकीत भडका उडाल्यागत रासायनिक क्रिया होऊ शकते, असा इशारा निघाला. तो भोपाळला पोचला नाही.

त्या रात्री 610 क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले आणि सुमारे 40 टन विष वस्तीवर पसरले. वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती. पाण्याचे फवारे वायूच्या उंचीपर्यंत पोचले नाहीत. सरकारने प्रथम 2,259 मृत्यू मान्य केले. पुढे तो आकडा 5,000 च्या वर गेला. पाणी कसे शिरले? कंपनीने बोट दाखवले एका नाराज कामगाराकडे. कामगार म्हणाले, नळ्या धुताना ती चकती घातलीच नव्हती. हा वाद आजही मिटलेला नाही. पण चकतीविना काम चालते, हे कंपनीच्या कागदावर अडीच वर्षांपूर्वीच चढले होते, ह्याबद्दल वाद नाही.

आमच्या पाहण्यातील एक साधी गोष्ट सांगतो. एका कारखान्यात तपासणीच्या आदल्या दिवशी कठड्यांना रंग लागला आणि नवे हातमोजे वाटले गेले. तपासनीस गेले, तसे दुसऱ्या दिवशी हातमोजे परत मागवले. अहवाल इंग्रजीत आला आणि साहेबांच्या कपाटात गेला. तिथे माणसे मेली नाहीत, हे केवळ नशीब. नशिबावर कारखाना चालवणे ह्याला व्यवस्था म्हणत नाहीत.

भोपाळनंतर 1987 साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. धोक्याच्या कारखान्यात सुरक्षा समिती हवी, तीत कामगारांचे आणि व्यवस्थापनाचे प्रतिनिधी सारख्या संख्येने हवेत, आणि धोका दिसताच तो कळवण्याचा कामगारांना हक्क आहे, असे त्यात आले. तत्त्व योग्य होते. परंतु हक्क कागदावर आला म्हणजे वापरात आला असे नव्हे.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. तपासनीस येऊन गेले की फाटकावर तीन प्रश्न विचारा. काय सापडले? ते कोण, कोणत्या तारखेपर्यंत दुरुस्त करणार? आणि दुरुस्त झाले हे कोणी डोळ्यांनी पाहिले? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे साहेबांनी द्यावीत. तिसऱ्याचे उत्तर मात्र त्या यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाकडूनच घ्यावे. वायू सुटला तर तो पहिल्यांदा त्याच्याच छातीत जाणार आहे.