असईपासून चेस्ट नंबरपर्यंत

२३ सप्टेंबर १८०३ ची दुपार, असईची लढाई. आजच्या जालना जिल्ह्यात, केळणा नदीच्या दक्षिण काठावर तुम्ही उभे आहात. बुटांना काळी माती चिकटली आहे. पलीकडे दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांची फौज आहे, कवायती पलटणी आहेत आणि शंभराच्या आसपास तोफा. समोरून नदी ओलांडायची म्हणजे तोफांच्या तोंडी जायचं. बाजूला कुठे उतार आहे का, असं विचारलं तर वाटाडे माना हलवतात.

तुमच्या शेजारी घोड्यावर ३४ वर्षांचा ब्रिटिश मेजर जनरल आर्थर वेलस्ली दुर्बिणीतून नदीकाठ न्याहाळतो आहे. दोन काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावं त्याला दिसतात. एवढी जवळ गावं आहेत तर लोकांची ये-जा असणारच, म्हणजे उतारही असणार, असं तो ताडतो. फौज तिकडे वळते आणि उतार खरंच सापडतो.

या माणसाला इथवर आणलं कुणी? थोरला भाऊ रिचर्ड हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल आहे. लेफ्टनंट कर्नलची जागा आर्थरने वयाच्या २४ व्या वर्षी रोख पैसे मोजून घेतली होती. ब्रिटिश राजाच्या पलटणींत तेव्हा पदं विकली जात आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत सेवाज्येष्ठतेने मिळत. वशिला, पैसा आणि वय या तीन शिड्या होत्या. वशिल्याने आलेला हा माणूस कर्तबगार निघाला, हे त्याच्या सैन्याचं नशीब.

आता उजव्या अंगाला बघा. तिथल्या अधिकाऱ्याला हुकूम नीट कळलेला नाही. तो आपल्या तुकड्या थेट असई गावाकडे, तोफांच्या माऱ्यात घेऊन निघाला आहे. त्याच्या मागे गेलेली ७४ वी पलटण तुमच्या डोळ्यांदेखत कापली जाते. संध्याकाळी वेलस्ली जिंकलेला असतो, पण त्याची दीड हजारांहून जास्त माणसं मेलेली किंवा जखमी झालेली असतात. गोंधळाच्या क्षणी कोण कसा वागेल, हे लढाईआधी कुणी तपासलेलंच नव्हतं.

१३९ वर्षं पुढे या. १९४२, एडिंबरा. पदांची विक्री १८७१ मध्येच बंद झाली आहे, पण मुलाखत घेणारे साहेब अजून विचारतात: शाळा कोणती, वडील काय करतात? असे निवडलेले बरेच तरुण अधिकारी-प्रशिक्षणातून परत पाठवावे लागत आहेत. म्हणून ब्रिटिश सैन्याने निवडीसाठी मानसशास्त्रज्ञ बोलावले आहेत. जर्मन सैन्याने हा मार्ग आधीच धरला होता. मैदानावर तुम्हाला विल्फ्रेड बायन भेटतो. जन्म मथुरेचा, पहिल्या महायुद्धात रणगाड्यावर लढलेला. तो आठ-दहा उमेदवारांना एक काम देतो आणि नायक मात्र नेमत नाही. मग बाजूला उभा राहून बघतो. कोण पुढे होतो, कोण दुसऱ्याचं ऐकतो, योजना फसली की कोण चिडतो?

पुढच्याच वर्षी, १९४३ मध्ये, ही पद्धत देहरादूनला पोहोचते. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीत डग्लस ब्रे तरुण व्यवस्थापकांना अशाच कसोट्यांतून नेतो, कोण वर चढेल याचे अंदाज लिहितो आणि ते कंपनीलाही न दाखवता बंद ठेवतो. काही वर्षांनी कागद उघडले जातात. ज्यांच्याबद्दल चांगलं लिहिलं होतं, ते इतरांपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात वर गेलेले असतात. तिथून ही पद्धत कारखान्यांत आणि कचेऱ्यांत शिरली. टेबलावर पत्रांची चळत ठेवायची आणि उमेदवार आधी कोणतं उचलतो ते बघायचं, ही कसोटीही त्यातलीच.

आता आजच्या काळात या. सैन्याच्या अधिकारी-निवडीसाठी जालन्याहून सचखंड एक्सप्रेसने तुम्ही भोपाळला उतरला आहात. छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्थेत, १९७७ पासून मराठी मुलांना एनडीएसाठी घडवणाऱ्या त्या संस्थेत, तुमची तयारी झाली आहे. लेखी परीक्षा ९०० गुणांची होती, पुढचे पाच दिवसही ९०० गुणांचेच. छातीवर नंबर लागतो आणि नाव, गाव, आडनाव मागे पडतं. पहिल्या दिवशी अंधूक चित्र ३० सेकंद बघून गोष्ट लिहायची आणि गटात मांडायची. निम्म्याहून अधिक मुलं त्याच दिवशी घरी परततात. दुसऱ्या दिवशी ६० शब्द, प्रत्येकाला १५ सेकंद. विचार सजवायला वेळच मिळत नाही.

तिसऱ्या दिवशी मैदान. एक फळी, एक बल्ली, एक दोर. लाल रंगाला हात लावायचा नाही, अख्ख्या गटाने सामानासह पलीकडे जायचं. एक जण जोरजोरात हुकूम सोडतो आहे. तुमची इंग्रजी अडखळते, पण फळी हातभर कमी पडते हे तुमच्या लक्षात येतं. तुम्ही फळीला बल्ली बांधता, सर्वांत घाबरलेल्याला आधी पलीकडे नेता. अधिकारी काहीच बोलत नाही, फक्त वहीत लिहितो. केळणेकाठी दोन गावांवरून उतार ओळखणारी नजर हेरायची असेल, तर ती अशा कामातच दिसते.

मानसशास्त्रज्ञ, मुलाखत घेणारा आणि मैदानावरचा अधिकारी असे तिघे तुम्हाला जोखतात: मनसा, वाचा, कर्मणा. पाचव्या दिवसाच्या बैठकीपर्यंत ते एकमेकांना आपलं मत सांगत नाहीत. पद्धतीचा सगळा जीव यात आहे. कसोट्या अनेक, डोळे अनेक, आणि प्रत्येकाचं मत स्वतंत्र. ती महाग आहे, वेळखाऊ आहे, क्लासवाले तिची उत्तरं घोकून घेतात, आणि ती चुकतेही. तरी एका खोलीतल्या वीस मिनिटांच्या गप्पांपेक्षा तिचा निवाडा खात्रीचा असतो.

जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या मिल आहेत, बियाण्यांच्या कंपन्या आहेत. सुपरवायझरची जागा निघाली की पहिला प्रश्न येतो, "ओळखीतला कोणी आहे का?" आपल्याकडे बैलसुद्धा औताला जुंपून पाहिल्याशिवाय घेत नाहीत. मालकांनो, पुढच्या वेळी चार उमेदवारांना एक अख्खा दिवस द्या. खऱ्या कागदांचा गठ्ठा द्या, दोन कामगारांचं भांडण मिटवायला सांगा, चौघांना मिळून एक काम करू द्या. तुमच्यापैकी दोघांनी वेगवेगळं बसून टिपणं काढा, मगच एकमेकांना दाखवा. चिठ्ठी कोणाची आणली, हे त्या दिवशी विचारू नका.