पद्मपाणीच्या मुखावरचा उजेड

इटलीतील पुनरुज्जीवनकालीन धर्मचित्रांची महती आपण पुष्कळ ऐकतो. मेरीचे निळे वस्त्र, लिओनार्दोने छायेतून उमलविलेली मुखे यांचे कौतुक योग्यच आहे. पण त्याआधी सुमारे हजार वर्षे, आपल्याच मराठवाड्यात, अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्व चितारला गेला. या दोहोंस एकाच मापाने मोजावे काय, हा प्रश्न आहे.

नांदेडकरांना हे चित्र परके नाही. 5व्या शतकाच्या उत्तरार्धात वाकाटक राजा हरिषेण याच्या काळी अजिंठ्याचे मोठे काम झाले. त्याचा सचिव वराहदेव याने 16वे लेणे कोरविले. या घराण्याची एक शाखा वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, येथे नांदत होती. तिच्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटात नांदीकटाचा, म्हणजे नांदेडचा, उल्लेख आहे.

आता रंग पाहू. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळ, चुना हे साधे पदार्थ. निळा मात्र लाजवर्द दगडाचा. तो अफगाणिस्तानातील बदख्शानाहून येई. इटलीतील चित्रकारही तोच दगड कुटून निळा करीत आणि समुद्रापलीकडून येतो म्हणून त्यास तसेच नाव देत. तो इतका महाग, की मेरीच्या वस्त्रासाठी तो राखून ठेवीत. रंगाचे मूळ एकच. भेद आहे तो प्रकाशात.

लिओनार्दोच्या चित्रात उजेड एका बाजूने येतो व दुसरी बाजू अंधारात बुडते. पद्मपाणीची सावली कोठेच पडत नाही. नाकाचा दांडा, ओठ, हनुवटी येथे पांढऱ्याचा हलका स्पर्श, कडेला गडद छटा, एवढ्यावर मुखाला गोलाई येते. विष्णुधर्मोत्तरातील चित्रसूत्र या छटाकामास ‘वर्तना’ म्हणते व तिचे तीन प्रकार सांगते. उजेड बाहेरून पडत नाही, मुखातूनच उगवतो. मस्तकी उंच मुकुट, गळ्यात मोती, भोवती वानर, मोर आणि परिवार. पण दृष्टी खाली झुकलेली आणि हाती कमळ. वैभवात राहून वैभवाकडे न पाहणारी ही करुणा आहे. चिखलातून वर येणाऱ्या कमळाचा अर्थही तोच.

हा उजेड मध्यंतरी झाकोळला. प्रतिकृती करणाऱ्यांनी वार्निश चढविले. 1920 ते 1922 या काळात निजाम सरकारने लोरेन्झो चेक्कोनी या इटालियन तज्ज्ञास आणविले. सुटणारा गिलावा त्याने धरून ठेवला, हे उपकारच. परंतु लाखेचे लेपही पुढे पिवळे पडले. पिवळ्या थराखाली निळा आणि पांढरा हेच प्रथम दबतात, आणि पांढरा तर या चित्राचा प्राण! पुढे पुरातत्त्व खात्याने ते थर काळजीने काढले.

म्हणून इटलीचे माप बाजूस ठेवून आपण पद्मपाणीसमोर क्षणभर स्वस्थ उभे राहू. डोळे अंधाराला सरावले, की ते मुख आपोआप उजळू लागते.