धूळपाटी, खिळे आणि पडदा

महोत्सवाची स्मरणिका म्हटली म्हणजे तींत देणगीदारांची यादी, जुन्या मिरवणुकींचीं छायाचित्रें आणि वडीलधाऱ्यांच्या आठवणी हीं असावयाचींच. संपादक मंडळानें आम्हांस मात्र निराळेंच काम सांगितलें. आपल्या भागांतील लहानथोरांनीं कोणकोणत्या साधनांनीं विद्या मिळविली व सांप्रत कोणत्या साधनांनीं ती मिळवितात, याचा अल्प इतिहास लिहावा, अशी त्यांची आज्ञा. विषय प्रथमदर्शनीं कोरडा वाटला, हें कबूल केलें पाहिजे. परंतु जसजसें मागें जावें तसतसें एक नवल दिसूं लागलें. पाटी असो, छापखाना असो किंवा संगणक असो, दर वेळीं अडचण एकच आली. आणि ती यंत्राची नव्हे, भाषेची.

माहुल हें खाडीच्या कांठचें गांव. एका अंगास चिखलाचें विस्तीर्ण पात्र, जेथें हिवाळ्यांत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. दुसऱ्या अंगास १९५४ व १९५५ या सालीं सुरू झालेले तेलशुद्धीचे दोन अवाढव्य कारखाने. मधल्या चिंचोळ्या पट्टींत कोळी व आगरी यांची जुनी वस्ती, आणि अलीकडे पुनर्वसनासाठीं आणून वसविलेल्या कुटुंबांच्या उंच इमारती. अशा गांवाचें नांव विद्येच्या इतिहासांत कोण घेणार, असें कोणीहि विचारील. परंतु येथून थोड्याच अंतरावर, मानखुर्द व देवनार येथें, अशा दोन संस्था आहेत कीं ज्यांचें काम हिंदुस्थानभर पसरलें आहे. त्यांच्याकडे वळण्यापूर्वीं आपण धूळपाटीपासून आरंभ करूं.

पंतोजींच्या जुन्या शाळेंत कागद दुर्मिळ व महाग असे. लांकडी फळीवर बारीक धूळ पसरावी, टोंकदार काडीनें तींत अक्षर काढावें, तें गिरवावें, आणि फळी हालविली कीं पुन्हां कोरी. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हीं सर्व मोठ्यानें म्हणून पाठ व्हावयाचीं. या साधनाचा गुण असा कीं त्यास खर्च नाहीं व चुकीची भीतिहि नाहीं. दोष असा कीं शिकलेलें कोठेंच लिहून राहत नाहीं, सारा भार स्मरणशक्तीवर.

या धुळीनें पुढें सातासमुद्रापार प्रवास केला, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. १७८९ सालीं मद्रास येथील सैनिकांच्या अनाथ मुलांच्या शाळेची व्यवस्था डॉक्टर अँड्र्यू बेल यांजकडे आली. देशी शाळेंतील मुलें वाळूंत बोटानें अक्षरें काढीत बसलेलीं त्यांनीं पाहिलीं आणि तीच रीत आपल्या शाळेंत घातली. पुढच्या मुलानें मागच्यास शिकवावें, हीहि पद्धत त्यांनीं अंगिकारिली. १७९७ सालीं त्यांनीं विलायतेंत त्याविषयीं पुस्तक छापलें. लँकेस्टर यांनीं तसाच प्रकार तेथें निराळ्या रीतीनें चालविला. आणि कांहीं वर्षांनीं तीच वस्तु विलायती शिक्का घेऊन मुंबईच्या नव्या शाळांत परत आली. आपल्याच घरची पाटी परक्याच्या हातून परत घेण्याचा हा प्रकार पाहून हंसावें कीं रडावें हें आम्हांस समजत नाहीं.

आतां अक्षराच्या साच्याकडे वळूं. गोव्यांत छापखाना १५५६ सालींच आला होता. परंतु त्याचे खिळे रोमन. १५७९ सालीं इंग्लंडांत जन्मलेला येशूसंघीय पाद्री थॉमस स्टीफन्स गोव्यास उतरला. त्यानें येथील भाषा अशी आत्मसात केली कीं तींत हजारों ओंव्यांचें पुराण रचलें. १६०८ सालीं त्यानें रोमेस आपल्या संघाच्या मुख्याधिकाऱ्यास पत्र लिहून या देशाच्या लिपींत पुस्तकें छापण्याची अनुज्ञा मागितली. अडचण खरी होती. मुळाक्षरें पन्नासांच्या आसपास; पण बाराखडी व जोडाक्षरें धरलीं म्हणजे ओतावयाच्या खिळ्यांची संख्या शेंकड्यांवर जाते. ती इच्छा सिद्धीस गेली नाहीं. १६१६ सालीं ख्रिस्तपुराण राशोल येथें छापलें तें रोमन अक्षरांत. त्या पहिल्या आवृत्तीची एकहि प्रत आज ठाऊक नाहीं. पुण्यास शांताराम बंडेलू यांनीं तो ग्रंथ देवनागरींत छापून वाचकांच्या हातीं दिला तो १९५६ सालीं. म्हणजे ज्या भाषेंत पुराण रचलें, त्या भाषेच्या नित्याच्या लिपींत छापून येण्यास त्यास ३४० वर्षें वाट पाहावी लागली.

येथें थोडें थांबावेंसें वाटतें. ज्यांस वाचतां येत नव्हतें त्यांनीं तें पुराण ऐकलें व कंठस्थ केलें. मुंबई बेटांकडे फ्रान्सिस्को वाझ द गिमरांइश याचें, १६५९ सालीं लिस्बन येथें छापलेलें पुराण उपवासकाळांत गाइलें जात असे. तेंहि रोमन अक्षरांतच. आमच्या आजीपणज्यांच्या कानीं मराठी पडे व छापलेल्या पानावर दिसे तें निराळेंच. तोंडची भाषा एक व साधनाची भाषा दुसरी, हा दुहेरीपणा आपल्या समाजांत इतका जुना आहे.

मुंबईंत १८२२ सालीं शाळा व शाळापुस्तकें यांसाठीं एक मंडळी स्थापन झाली. जुन्या मराठी लेखांत तिला हैंदशाळा व शाळापुस्तक मंडळी असें म्हणत. तिचे चिटणीस कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनीं गणिताचीं पुस्तकें मराठींत आणविलीं व स्वतः सिद्ध केलीं. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनीं १८२८ सालीं इसापाच्या गोष्टी मराठी मुलांच्या हातीं दिल्या. शिळाछापानें खिळ्यांची अडचण बरीच टळली, कारण दगडावर हातानें लिहिलेलें जसेंच्या तसें उठतें. पुढें जावजी दादाजी यांनीं १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढिला व देवनागरी खिळ्यांस असें सौष्ठव आणिलें कीं त्यांचा लौकिक देशभर झाला. दगडी पाटी, खडू, फळा, नकाशे, पृथ्वीचा गोल हीं त्यामागून येत गेलीं. त्यांविषयीं विशेष सांगण्याजोगें कांहीं नाहीं. तीं सर्वांनीं हाताळलेलीं आहेत.

आकाशवाणी व दूरदर्शन यांविषयींहि थोडक्यांतच आटोपतों. मुंबईंत दूरदर्शन १९७२ सालीं आलें. मराठी मुलांसाठीं शैक्षणिक चित्रफिती करावयास पुण्यास १९८४ सालीं बालचित्रवाणी निघाली. अनेक वर्षें तिनें काम केलें आणि २०१७ सालीं ती बंद झाली. तिच्या फिती पाहून वाढलेल्या पिढीस तिचा विसर पडूं नये.

मानखुर्दची होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र ही संस्था मात्र सावकाशीनें पाहण्यासारखी आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आश्रयानें ती १९७४ सालीं निघाली. भौतिकशास्त्राचे मोठमोठे पंडित आपल्या प्रयोगशाळा सोडून नगरपालिकेच्या शाळांतील मुलांपुढें उभे राहिले, हीच मुळांत आपल्या देशांत नवलाची गोष्ट. व्ही. जी. कुलकर्णी हे तिचे आरंभींचे धुरीण. जळगांव जिल्ह्यांत खिरोदा येथें व तेथील आसपासच्या खेड्यांतील शाळांत त्यांनीं प्रयोग केले. मुंबईंत नगरपालिकेच्या शाळांतील दलित व गरीब मुलांस निवडून त्यांच्याबरोबर कित्येक वर्षें काम केलें. प्रयोगासाठीं महागड्या उपकरणांची वाट पाहूं नये, डबे, बाटल्या, दोरे, भिंगें यांतूनच उपकरण व्हावें, असा या मंडळींचा कटाक्ष.

परंतु त्यांस जें सांपडलें तें उपकरणांहून मोठें होतें. मूल विज्ञानांत मागें पडतें तें त्यास विज्ञान समजत नाहीं म्हणून, असा सर्वांचा समज. कुलकर्णी व त्यांचे सहकारी यांनीं पाठ्यपुस्तकाची भाषाच तपासली. वाक्यें लांब, शब्द संस्कृतप्रचुर व मुलाच्या कानावरून कधीं न गेलेले. ज्या घरांत कोणी शिकलेलें नाहीं, तेथल्या मुलास ते शब्द विचारावयाचे तरी कोणास? तोच धडा सोप्या मराठींत लिहून शिकविला, तेव्हां मुलांची समज वाढली. इतकेंच नव्हे, तर जीं मुलें वर्गांत तोंड उघडीत नसत, तीं प्रश्न विचारूं लागलीं. धड्यांतील विज्ञान तेंच राहिलें होतें, बदलली ती भाषा. (हा लेख लिहितांना आमच्याच लेखणीकडे पाहून आम्हांस थोडी लाज वाटली, हें येथें नमूद करावयास हरकत नाहीं. स्मरणिकेची भाषा भारदस्त असावी, ही आमची जुनी खोड. तिचा उपयोग सातवीच्या मुलास कांहीं नाहीं.)

मग संगणक आला, आणि स्टीफन्सचीच अडचण पुन्हां दारांत उभी राहिली. संगणकाची घडण रोमन अक्षरांसाठीं झालेली. देवनागरी त्यावर उमटावी म्हणून कानपूरच्या तंत्रशास्त्र संस्थेंत व पुढें १९८८ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेंत मोठे परिश्रम झाले. तरी कित्येक वर्षें ज्याचा त्याचा टंक निराळा. एका यंत्रावर लिहिलेलें मराठी दुसऱ्यावर उघडलें कीं निरर्थक चिन्हांची रांग दिसे. आम्ही स्वतः एका समारंभाच्या पुस्तिकेचा मजकूर अशा रीतीनें गमावला आहे. छापखान्यांतून परत आलेल्या पानांवर येशूच्या नांवाऐवजीं उद्गारचिन्हें व कंस होते, आणि छपाईस अवघे दोन दिवस उरले होते. युनिकोड नांवाची जागतिक अक्षरसूचि १९९१ सालीं निघाली व तींत देवनागरीस आरंभापासून स्थान मिळालें. परंतु ती सर्वांच्या अंगवळणीं पडण्यास आणखी बराच काळ गेला. दरम्यान महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ सालीं निघालें आणि त्याच्या संगणक-साक्षरतेच्या अभ्यासक्रमानें गांवोगांवच्या तरुणांस प्रथमच कळफलकावर बोटें ठेवावयास शिकविलें.

देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था मुळांत १९३६ सालची. देवनारास ती १९५४ सालीं आली. तिनें अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्था व टाटा न्यास यांच्या सहकार्यानें २०१५ सालीं सरकारी माध्यमिक शाळांसाठीं क्लिक्स नांवाचा मोठा उपक्रम आरंभिला. त्याची रचना लक्षांत घेण्याजोगी आहे. खेड्यांतील शाळेंत इंटरनेट असेलच असें नाहीं. म्हणून सर्व पाठ शाळेंतीलच एका लहान सर्व्हरवर सांठवावयाचे व खोलींतील संगणक त्यास जोडावयाचे. बाहेरची तार तुटली तरी धडा थांबत नाहीं. मुलांनीं एकेका संगणकापुढें दोघां-तिघांनीं बसून बोलत बोलत शिकावें, अशी योजना. त्या पाठांची मांडणी करणारी संगणक-प्रणाली मानखुर्दच्या केंद्रांत तयार झाली होती. २०१७ सालचें युनेस्कोचें राजा हमद पारितोषिक या उपक्रमास मिळालें. मात्र ज्या चार राज्यांत तो प्रथम गेला तीं राजस्थान, छत्तीसगड, मिझोराम आणि तेलंगण. महाराष्ट्र त्यांत नव्हता. आमच्या गांवापासून हांकेच्या अंतरावर घडलेलें साधन मिझोरामच्या डोंगरांत पोंचलें, माहुलच्या खाडीकांठीं नाहीं. यांत कोणाचा दोष काढावयाचा नाहीं. उपक्रम जेथें मागितला जातो तेथें जातो, आणि आम्हीं तो मागितला नव्हता.

सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनीं धड्याशेजारीं क्यूआर संकेत छापून मोबाइलवर पाठ उघडण्याची युक्ति केली. ती पुढें राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली व २०२० सालीं त्यांस जागतिक शिक्षक पारितोषिक लाभलें. त्याच वर्षीं मार्चांत महामारीमुळें शाळांचीं दारें लागलीं. एका घरांत मोबाइल एक व मुलें तीन, तोहि बाप कामावर घेऊन जाणार, हें दृश्य आपल्या वस्तींतील कोणास निराळें सांगावयास नको. त्या जुलैंत सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली ही मालिका सुरू झाली. पहिली ते आठवीचे पाठ मराठींत, साध्या बोलीनें, घरांतील वस्तु घेऊन. आणि त्यास लागे तो केवळ दूरदर्शन संच. जुनें म्हणून टाकलेलें साधनच त्या संकटांत उपयोगी पडलें.

आतां उरला प्रश्न शाळा सुटलेल्यांचा. समुदाय महाविद्यालय ही कल्पना अमेरिकेंतील. तेथील जोलिएट या गांवीं १९०१ सालीं अशा विद्यालयाचा आरंभ झाला. आपल्या देशांत पाँडिचेरी विद्यापीठानें १९९५ सालीं व मद्रासच्या (सांप्रतच्या चेन्नईच्या) आर्चडायोसिसनें १९९६ सालीं तीं काढिलीं, आणि येशूसंघीय फादर झेवियर अल्फोन्स यांनीं त्या चळवळीस देशव्यापी रूप दिलें. शाळा अर्धवट सुटलेला तरुण, संसारांत गुंतलेली स्त्री, रोजंदारीवरचा मजूर यांस वयाची अट न घालतां घ्यावें. बोलणें-चालणें व जीवनकौशल्यें, मग एखादा व्यवसाय, आणि शेवटीं प्रत्यक्ष रुग्णालयांत, कारखान्यांत वा कचेरींत उमेदवारी, असा तो क्रम. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१३ सालीं त्यासाठीं स्वतंत्र योजना केली.

आमच्या गांवांत अशी माणसें पुष्कळ आहेत. शुद्धीकारखान्यांत कंत्राटावर जाणारा मनुष्य व्हॉल्व्ह व गास्केट डोळे मिटून ओळखतो. त्याच वस्तूंवरचा इंग्रजी पाठ पडद्यावर आला म्हणजे तो मागच्या बाकावर सरकतो. मासळी विकणारी बाई नफ्यातोट्याचा हिशेब तोंडीं करते, तिला कोष्टकाचे रकाने मात्र भरतां येत नाहींत. यांच्यासाठीं पाठ करावयाचे तर ते त्यांच्या बोलींत व त्यांच्या शब्दांत करावे लागतील, आणि ते शब्द त्यांस विचारूनच गोळा करावे लागतील.

धर्मग्रामाच्या कार्यकारी मंडळापुढें आमची एक सूचना आहे. क्लिक्ससारख्या उपक्रमास लागणारा सर्व्हर एका लहानशा कपाटांत मावतो. त्यास बाहेरची जोडणी लागत नाहीं. चार-सहा जुने संगणक व रात्रीं सात ते नऊ सभागृहाचा एक कोपरा मिळाला तर आरंभ करतां येईल. मानखुर्द व देवनार येथें जाऊन विचारणा करावयाची तयारी आम्हीं दाखविली आहे. सभागृह मंगळवार व गुरुवार या दिवशीं मोकळें असतें.