अदोमचा कडा आणि ‘उतणे’

अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरास आले. त्यापूर्वी आठच वर्षे, १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावात, सामानगड व पन्हाळा कंपनी सरकारच्या तोफांपुढे टिकले नव्हते. कड्याचा आसरा अभेद्य नसतो, हे या मुलखास निराळे सांगावयास नको होते.

जुन्या करारातील ‘ओबद्या’ हे अवघ्या २१ वचनांचे पुस्तक याच विषयाचे आहे. याकोबाचा भाऊ एसाव याचे वंशज, अदोमी लोक, मृत समुद्राच्या दक्षिणेस डोंगरकपारींत निर्धास्त राहत. इ. स. पू. सहाव्या शतकात बाबिलोनने यरुशलेम उद्ध्वस्त केले, तेव्हा या भाऊबंदांनी हर्ष मानला. संदेष्टा त्यांचे तीन आधार क्रमाने निरर्थक ठरवितो : कडा, मित्रराष्ट्रे व शहाणपण. त्याच शतकात अदोमचे राज्यही लयास गेले.

येथे गर्वासाठी आलेला हिब्रू शब्द ‘झादोन’ उकळणे या अर्थाच्या धातूपासून आला आहे. एसावाने ज्या वरणापायी ज्येष्ठत्वाचा हक्क विकला, त्या ‘नाझीद’चा धातूही तोच. ‘गर्व’ या संस्कृत शब्दात ही वाफ उरत नाही. मराठीच्या घरगुती ‘उतणे’ या क्रियापदात मात्र ती आहे. दूध उतते, तसा माणूसही उततो. आपल्या व्रतकथा त्याविरुद्धच बजावतात. तेव्हा ही शिकवण मराठी मनास परकी नव्हे. ओबद्या दोष देतो तो कड्याला नव्हे, कड्याच्या भरवशावर उतणाऱ्या आणि भावाच्या पडझडीत सुख मानणाऱ्या अंतःकरणाला.